ईदची टोपली, भाऊबिजेची टोपली

गेल्या महिन्यात गावी जाऊन आले. गावी आमचं असं आता काही नाही. घर होतं त्या जागेवर दुसऱ्याचं घर उभं आहे आणि त्यांच्या दारात मोटारसायकल आहे. पण खाडी आहे, आणि अमीना आहे. अमीना म्हणजे दाऊदचाचांची मुलगी, माझ्याच वयाची. लहानपणी आम्ही दोघी एकाच चिंचेखाली वाढलो आणि म्हातारपणी एकाच वेळी दोघींना दातांनी दगा दिला. दोघींचे गुडघे बोलतात, कान मात्र ऐकत नाहीत, त्यामुळे आमच्या गप्पा शेजारच्या आळीलाही कळतात.

चहा झाल्यावर तिनं कपाट उघडलं, कपड्यांच्या घड्यांखालून काहीतरी काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. लाकडाची सुरमादाणी. करंगळीएवढी, घुमटासारख्या टोपणाची, अंगावर लाल आणि पिवळे पट्टे.

"वळखलीस? तुज्या बापाच्या हातची हाय," अमीना म्हणाली.

न ओळखून सांगते कुणाला. मी ती उचलून नाकाशी नेली. सुरमा नाकात घालायची तुमच्याकडं नवी रीत निघाली का, म्हणून अमीनानं मला चिडवलं. मला हवा होता लाखेचा वास. आला डांबरगोळ्यांचा. पण म्हणून काही बिघडलं नाही. अमीना सुनेबद्दल सांगत होती, मी हं हं करत होते, आणि माझ्या कानात आमच्या पडवीतला चरक फिरायला लागला होता.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, लाकूड कातून वस्तू करणारे कातारी होते. पाळण्याच्या कांड्या, लाटणी, पोळपाटाचे पाय, रवीचे दांडे हे त्यांचं बारमाही काम. पण गणपती गेले आणि हवेतला चिकटपणा उतरला की पडवीतली कामं बदलायची. चुलीवरच्या माळ्यावर धुरात सुकत ठेवलेलं कुड्याचं लाकूड खाली यायचं. मग दिवाळीपर्यंत आबा खेळण्याएवढ्या वस्तू करायचे. राघू, नवरा-नवरी, उंच टोपीचे वासुदेव, पोटुशी बाहुली आणि तिच्या पोटात आणखी एक बाहुली. सणाला नात्यात, ओळखीत द्यायच्या या वस्तू. आमच्या घरातून कुणाकडं मिठाई गेल्याचं मला आठवत नाही, टोपली जायची.

चरक म्हणजे फार काही नव्हे. जमिनीत पुरलेले दोन ठेंगणे खुंट, त्यांना समोरासमोर लोखंडी टोकं आणि त्या टोकांमध्ये अडकवलेलं लाकूड. लाकडाला कातडी वादीचा एक वेढा द्यायचा. वादीची दोन्ही टोकं आईच्या दोन हातांत. तिनं उजवा हात मागं घेतला की लाकूड आबांच्या अंगावर फिरत यायचं, डावा घेतला की उलटं जायचं. आबा पटाशी टेकवायचे ती अंगावर येणाऱ्या फेऱ्यालाच, उलट फेऱ्याला उचलून धरायचे. एकदा खर्रर, एकदा नुसतीच वाऱ्यासारखी सळसळ. खर्रर, सळसळ. आबा एका पायाच्या अंगठ्यानं पटाशीला टेकू द्यायचे आणि आई त्यांच्या खांद्याकडं बघत ओढायची. आता बारीक ओढ, आता जोरात, असं आबा तोंडानं कधी म्हणत नसत. खांदा जरा खाली गेला की ती समजायची. राघूची मान करायची वेळ आली की तिचे हात आपोआप हलके व्हायचे.

घरात एरवी दोघं एकमेकांशी फार बोलत नसत. त्या काळी बोलतही नसत माणसं, निदान पोरांसमोर तरी. मला वाटायचं, सगळ्यांचे आईबाप असेच समोरासमोर बसून दिवसभर एक लाकूड फिरवतात.

लाकडाचा कीस पांढरा, ओल्या खोबऱ्यासारखा. तो पडवीभर पसरायचा, माझ्या केसांत जायचा, भाकरीतही सापडायचा. मग लाख. फिरत्या लाकडाला लाखेची कांडी दाबून धरली की ती घासून वितळायची आणि रंग चढायचा. त्या वेळचा तो वास जळका नाही, गोड नाही, दोहोंच्या मधला कुठला तरी आहे. शेवटी केवड्याचं पान. खाडीच्या कडेनं केवड्याची बनं होती, तिथून पानं आणायची, काटे तासायचे, तेलाचा हात लावायचा आणि पान फिरत्या लाखेवर दाबायचं. की रंग असा चमकायचा, की त्यात आपलं नाक दिसावं. माझं दिसायचं, ते बसकं होतं आणि अजूनही आहे.

डोळे मात्र आईचे. म्हणजे बाहुल्यांना डोळे काढायचं काम तिचं. सकाळी आंघोळ करून, ओल्या केसांनी, बांबूची टोकदार काडी काजळात बुडवून ती बसायची. एका दमात एक डोळा. मध्ये श्वास घ्यायची नाही. आमच्या धंद्यात रीत होती की डोळे काढल्याशिवाय बाहुली घराबाहेर द्यायची नाही. आंधळी बाहुली सणाला ज्याच्या दारी गेली, त्याचं तोंड बघायचं नाही असं तुम्ही ठरवलंत, असा त्याचा अर्थ.

याला एकच घर अपवाद. दाऊदचाचांचं. दाऊदचाचांची होडी होती, आमच्या बाजूनं पलीकडं दिघीला माणसं आणि माल नेणारी. आबांचे ते दोस्त. ईद आली की त्यांच्या घरच्या, त्यांच्या भावांच्या पोराबाळांसाठी आमच्याकडून टोपली जायची. त्यांच्या म्हाताऱ्या आईनं, बडीमानं, आबांना एकदाच सांगून ठेवलं होतं की बाबा, आमच्यात चालत नाही, चेहरा काढू नको, बाकी काय हवं ते कर. मग आबा त्यांच्यासाठी भोवरे करायचे, खुळखुळे, घुमटाच्या डब्या, सुरमादाण्या. आणि मुलींसाठी बिनचेहऱ्याच्या बाहुल्या. नुसतं गोल डोकं आणि खाली लाल घागरा. अमीना म्हणायची, माझी बाहुली तुझ्या बाहुलीपेक्षा चांगली, ती मला हवी तेव्हा हसते.

ईद दर वर्षी मागं मागं सरकते, दिवाळी आपल्या जागी असते. त्यामुळं या दोन टोपल्यांची गाठ कधी पडत नसे. एक टोपली दाऊदचाचांच्या घरी जायची. दुसरी दिवाळीत दाऊदचाचाच होडीतून दिघीला न्यायचे आणि तिथून ती बैलगाडीनं दिवेआगरला, माझ्या मामाकडं पोचायची. भाऊबिजेला मामाच्या मुलांना आमच्या घरचे राघू गेले नाहीत असं एक वर्ष गेलं नव्हतं.

जर्मनीशी लढाई सुरू झाली त्या वर्षी ईद सरकत सरकत दिवाळीत आली. आणि त्याच वर्षी आई घरातून गेली.

गौरी पाण्यात गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी ती गेली. का गेली हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि पुढं मीही विचारलं नाही. धाकट्याला, म्हणजे माझ्या एक वर्षाच्या भावाला, तिनं कडेवर घेतलं आणि मला म्हणाली, आबांच्या जेवणाकडं बघ. मी तिच्या पाठीकडं बघत राहिले. ती दाऊदचाचांच्या होडीत बसली, तोंड पलीकडच्या किनाऱ्याकडं करून.

आधी वाटलं चार दिवसांसाठी गेलीय. मग पितृपंधरवडा संपला, नवरात्र बसलं, दसऱ्याचं सोनं वाटून झालं. कुणी आलं नाही, निरोप आला नाही. पाणवठ्यावर बायका माझ्याकडं बघून आवाज उतरवायच्या. एकजण दुसरीला म्हणाली की असं माहेरी बसलेलं माणूस दिवाळीत आलं तर आलं, दिवाळी उलटली की मग भाऊच ठेवून घेतो. ते मी ऐकलं आणि घरी येऊन भाकऱ्या करपवल्या. मला त्या दिवसापासून एकच भीती होती. आई आता येणार नाही, आणि याच्यापुढं मी आणि आबा असेच समोरासमोर बसून करपलेल्या भाकऱ्या खात जाणार.

आबांनी चरक बंद ठेवला होता. दसऱ्यानंतर दाऊदचाचा आले. त्यांचा रमजान चालू होता, ओठ सुकलेले. पोरांची ईद काही थांबत नाही, वादी मी ओढतो, म्हणाले. आणि बसले ओढायला. होडीचा नांगर ओढणारा माणूस तो. पहिल्याच हिसक्याला लाकूड टोकांतून सुटलं आणि आबांच्या कानाजवळून जाऊन कोंबडीला लागलं. कोंबडी चार दिवस पडवीत फिरकली नाही. हळूहळू जमत गेलं, पण खर्रर आणि सळसळ यांचा मेळ काही बसला नाही. कधी उलट फेऱ्याला पटाशी लागायची आणि बाहुलीच्या गळ्यावर चरा पडायचा. आबा रागावले नाहीत. चाचांचा रोजा असे, म्हणून आबाही त्या वेळात पाणी पीत नसत. दोन तहानलेली माणसं घामाघूम होऊन पोरांची खेळणी करत बसलेली मला अजून दिसतात.

ईदची टोपली अशी तयार झाली. भाऊबिजेची झालीच नाही. आबांनी एक राघू करून पाहिला, त्याला स्वतः डोळे काढायला बसले. राघू असा चकणा झाला की मला हसू आलं, आणि कितीतरी दिवसांनी आबाही हसले. मग त्यांनी तो राघू परत चरकावर चढवला आणि डोळे खरवडून काढले. यंदा दिवेआगरला काही पाठवायचं नाही, एवढंच म्हणाले. मला रडू आलं. टोपली गेली नाही म्हणजे दारच लागलं, असं मला वाटलं.

पाडव्याच्या सकाळी आबांनी ईदची टोपली केळीच्या पानानं झाकून, सुतळीनं बांधून धक्क्यावरच्या दगडावर ठेवली आणि दाऊदचाचांना हाक मारून सांगितलं की ठेवलीय. चाचा शिडाशी खटपट करत होते, त्यांनी मान हलवली. दिवाळी, पाडव्याची सकाळ, आबांची टोपली, धक्क्यावरचा दगड. वर्षानुवर्षं ते जे करत आले तेच त्यांनी केलं. टोपली होडीत घातली, दिघीला नेली आणि दिवेआगरच्या गाडीवानाच्या हवाली केली.

हे उघडकीला आलं संध्याकाळी. मशिदीपाशी सगळी आळी पश्चिमेला तोंड करून उभी होती. ढगाच्या फटीत नखाएवढी कोर दिसली आणि पोरं ओरडत घराघरांत पळाली. उद्या ईद. अमीना आमच्याकडं धावत आली आणि आमची टोपली द्या म्हणाली. आबा म्हणाले, तुझ्या बापाकडं सकाळीच दिली. मग चाचा आले. ते दारातच उभे राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

"मी ती दिघीला पोचवली रे," ते म्हणाले. "दिवाळीची समजून."

  उद्या भाऊबीज. उद्या मामाच्या घरी, सगळ्यांच्या देखत, केळीचं पान उघडणार आणि आत काय निघणार, तर डोळे नसलेल्या बाहुल्या. बायको माहेरी निघून गेलेली, आणि नवऱ्यानं सणाला आंधळ्या बाहुल्या पाठवल्या. याहून स्पष्ट शब्दांत तोंड बघायचं नाही असं कुणी कुणाला कळवू शकलं नसतं. आबा एकदाच म्हणाले, आता संपलं. मी गोधडीत तोंड घालून पडले.

भाऊबिजेचा दिवस उजाडला. आळीत अत्तराचा, शेवयांचा, तुपाचा वास. पोरं नव्या कपड्यांत होती, पण हात रिकामे. बडीमानं कुणालाही तक्रार करू दिली नाही. आमच्या घरी चूल थंड होती. मला ओवाळायला भाऊ नव्हता, आबांना ओवाळायला बहीण नव्हती. मी धक्क्यावर जाऊन बसले. कुणाची वाट बघत होते असं नव्हे, घरात बसवत नव्हतं इतकंच.

ऊन उतरायला लागलं होतं. पलीकडून एक होडी आली, चाचांची नव्हे, दुसऱ्या कुणाची. त्यात डोक्यावर टोपली आणि कडेवर पोर घेतलेली एक बाई उभी होती. लुगडं आई खोचायची तसंच खोचलेलं. मी उठून उभी राहिले. ती धक्क्यावर उतरली, माझ्याकडं बघितलं, आणि घराकडं न वळता दाऊदचाचांच्या आळीकडं चालायला लागली.

होडीवाला दोर न बांधता हातात धरून बसला होता. म्हणजे ती टोपली देणार आणि याच होडीनं परत जाणार. मी होडीवाल्याला विचारलं, थांबलायस का? तो म्हणाला, भाडं मिळतंय का बघतोय. एवढ्यावरून काही कळेना. मी आयुष्यात पुढं पुष्कळ ठिकाणी वाट पाहिली, दवाखान्यात पाहिली, मुलांच्या निकालाची पाहिली. पण चाचांच्या दाराकडं बघत घालवलेल्या त्या वेळासारखी कुठलीच नाही.

आतून पोरांचा कल्ला ऐकू आला. खुळखुळे वाजले. मग आई बाहेर आली. डोक्यावर टोपली नव्हती, हातात झाकलेला वाडगा होता. ती माझ्यापाशी आली, धाकट्याला माझ्या कडेवर दिलं आणि म्हणाली, "चल. शिरखुर्मा सांडंल."

आणि घराकडं चालू लागली. मागं वळून पाहिलं, तर होडीवाल्यानं दुसरं गिऱ्हाईक घेतलं होतं. माझ्या छातीवरून कुणीतरी जातं उचलून ठेवलं असं मला वाटलं. धाकटा जड झाला होता, मला ओळखत नव्हता, केस ओढत होता. ओढू दे म्हटलं.

दिवेआगरला काय झालं ते मला पुष्कळ वर्षांनी मामीनं सांगितलं. टोपली पाडव्याच्या रात्रीच उघडली आणि मामा संतापला. डोळे नसलेल्या बाहुल्या बघून तो आबांना वाटेल ते बोलला. आई टोपलीजवळ बसली. तिनं एकेक वस्तू काढून बघितली. भोवरे, सुरमादाण्या, घुमटाच्या डब्या. राघू नाही, वासुदेव नाही. मामाला ती म्हणाली, ही आपली नव्हेच, ही दाऊदभाईंच्या पोरांची, आणि उद्या त्यांची ईद आहे. मग तिनं एक बाहुली उचलून तिच्या गळ्यावरून बोट फिरवलं. तिथं चरा होता. कोण ओढतंय वादी, असं स्वतःशीच म्हणाली. मग सगळं परत टोपलीत भरून तिनं सुतळी बांधली. भाऊबिजेला चंद्र दिसल्यावर आधी चंद्राला आणि मग भावाला ओवाळायची रीत. त्यासाठी ती थांबलीच नाही. सकाळी उठून मामाला ओवाळलं आणि म्हणाली, पोरांचा सण निघून जाईल, मी जाते. मामानं गाडी जुंपून दिली.

ती टोपलीसाठी आली की आमच्यासाठी, हे आबांनी कधी विचारलं नाही. शहाणे होते ते. मी मात्र मोठी झाल्यावर दाऊदचाचांना गाठलं होतं. म्हटलं, चाचा, खरं सांगा, ती टोपली तुम्ही चुकून नेलीत का? चाचा जाळं विणत होते. म्हणाले, "रोज्यात मानसाचं डोकं चालत न्हाय, पोरी." आणि खाली मान घालून गाठी मारत राहिले. परवा अमीनाला मी हे सांगितलं, तर ती म्हणाली की तिनंही विचारलं होतं आणि तिलाही हेच उत्तर मिळालं होतं.

घरी आल्यावर आईनं पाय धुतले. आबा पडवीत उभे होते, हात कुठं ठेवावेत ते त्यांना सुचत नव्हतं. आई चरकापाशी गेली, वादी हातात घेऊन बघितली.

"तेल न्हाय घातलं हिला."

"न्हाय," आबा म्हणाले.

झालं. एवढंच बोलणं. आम्ही चौघांनी एका वाडग्यातला शिरखुर्मा खाल्ला. संध्याकाळी चंद्र जरा मोठा होऊन आला, मी त्याला ओवाळलं आणि मग धाकट्याला ओवाळलं. त्यानं निरांजनातल्या वातीवरच हात मारला. त्या वर्षी दिवाळीचा म्हणून आमच्या घरात लागलेला तो पहिला दिवा.

दुसऱ्या दिवशी पहाटे आईनं मला उठवलं. दिवाळी संपलेली, गावात सगळे कामाला लागलेले, आणि आमच्या परसात चुलीवर पाणी तापत होतं. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं की आज कसली आंघोळ. आमची दिवाळी आज आहे, आई म्हणाली. तिनं मला पाटावर बसवलं, वाटीतलं कोमट तेल टाळूवर ओतलं आणि दोन्ही हातांनी चोळायला लागली. केसांचा काय हा अवतार, ही जट, या उवा, कुणी बघितलं नाही का तुझ्याकडं, असं तिचं चालू होतं. तिचे अंगठे कानामागं, मानेवर, पाठीवर दाबत होते. दुखत होतं. मला इतकं बरं वाटत होतं, की मी हमसून हमसून रडायला लागले.

आईचे हात थांबले. "डोळ्यांत गेलं का गं तेल?"

"व्हय," मी म्हणाले.

तिनं पदराच्या टोकानं माझे डोळे पुसले आणि परत तेल चोळायला घेतलं.